बरणीचा तळ

कुकरच्या चौदा शिट्ट्या झाल्या, तरी राजमा शिजायचं नाव घेईना. निम्मे दाणे लोण्यासारखे मऊ, निम्मे नुसते खडे! ब्लाउज न्यायला आलेली गिऱ्हाइकं दारात खोळंबली होती आणि सूनबाई मशीन सोडून डावाने दाणे चेपत बसली होती.

"तळाचा जुना माल आला असेल," सासूबाई म्हणाल्या. "नवा आणला की आपण वरूनच ओततो ना."

"आपण नाही, तुम्ही! किती जुना?"

"तुझ्या लग्नाआधीचा असेल."

सुनेने कपाळावर हात मारून घेतला. तणतणत उठली, नवा पुडा दातांनी फोडला आणि बरणीत उरलेल्या मूठभर जुन्या राजम्यावर धाडकन ओतून मशीनवर जाऊन बसली.