लाल ठिपक्यांची जागा

सकाळी सातला भाविकाने नर्मदामावशीच्या ओट्यावर लॅपटॉपवर नकाशा उघडला. खाडीकाठच्या मुरब्याला मावशीच्या घरी खोली घेऊन ती तीन महिने पाणपक्ष्यांचा अभ्यास करत होती.

"ह्या लाल काय गो? कुंकू सांडलास?" मावशीने विचारलं.

"लांब वाकड्या चोचीची सात पाखरं पकडून पाठीवर ठिकाण कळवणारी यंत्रं बसवली होती ना आम्ही? ती जिथं जास्त बसतात तिथं लाल दिसतं. म्हणजे ती जागा जपायची."

लाल होतं ते कारखान्यांकडून येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी. मुरब्याच्या चिखलावर जेमतेम पिवळी छटा.

मावशीचा चेहरा उतरला. लग्न होऊन आल्यापासून ती त्या चिखलात शिंपल्या वेचत होती. आता तिथे भराव पडणार होता. वन्यजीवांसाठी राखायच्या यादीत नाव लागलं तरच तो थांबणार होता. यादीत जागा एकच जायची होती.

"आकडेच तसं सांगतात, मावशी," भाविका ओशाळून म्हणाली. कच्चा नकाशा तिने काल सकाळीच यादी करणाऱ्या कचेरीत पाठवला होता.

मावशीने लाल डागावर बोट ठेवलं. "ही पाखरां परवा दुपारी बाराला कुठं होती?"

"इथंच."

"परवा अवस होती, बाय. भर उधाण. बाराला नाल्याच्या तोंडाला पुरुषभर पाणी. तुजी पाखरां काय बुडी मारून बसली होती?"

भाविका हसली आणि हसता हसता थांबली. भरतीच्या तासांत त्या ठिकाणाहून येणारे यंत्रांचे संदेश तुटत होते. यंत्रातलाच काही दोष असेल असं समजून तिने त्या मोकळ्या जागा प्रोग्रॅमकडून भरून घेतल्या होत्या. आता तिने एकेक पक्षी वेगळा काढून पाहिला. सातांपैकी चार अकरा दिवसांत हललेलेच नव्हते. लाल डाग त्यांचाच होता.

"ओहोटी हाय तवर जाऊ," मावशी म्हणाली आणि शेजारच्या पंढरीला रिक्षा काढायला लावली.

नाल्याच्या तोंडाशी चिखल तेलकट चकाकत होता. त्यावर एकही निवटी मासोळी उडत नव्हती, एकही खेकडा बिळात पळत नव्हता. पहिला पक्षी चिखलात अर्धा रुतून पालथा पडला होता, पाठीवर यंत्र तसंच. पुढे दुसरा. त्यांच्यावर माशीसुद्धा बसलेली नव्हती. पंढरी रिक्षातून उतरलाच नाही.

"मी कचेरीत फोन करते. नकाशा चुकलाय म्हणून सांगते," भाविका म्हणाली. पण आधी मावशीचाच फोन वाजला. तिची सून सुलू होती. ती इतकी ओरडत होती की भाविकालाही ऐकू आलं.

"आई, डंपर आपल्या चिखलात शिरलं! चार गाड्या ओतून झाल्या. विचारलं तर बोलतात, कालच नकाशा आला, त्यात तुमची जागाच नाय!"

भाविकाने कचेरीचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. ऑफिस दहाला उघडत असे.

तेवढ्यात मावशीने तिचा दंड धरला. मुरब्याच्या बाजूने तीन पक्षी येत होते, एकामागे एक, लांब शीळ घालत. त्यांनी चिखलावर एक घिरटी घेतली.

"हाऽऽ! जाव! जाव परत!" मावशी पदर उडवत गुडघाभर चिखलात धावली.

"परत कुठं जातील, मावशी?" भाविका म्हणाली. फोन अजून कानाशीच होता.

पक्षी मावशीपासून दूर, नाल्याच्या पलीकडच्या अंगाला उतरले. पहिल्याने आपली लांब चोच चिखलात खुपसली.