चाळीस घोडे

गॅलरीची सळई वर असते. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा, बाकी मी सांगतो.

खोलीचा स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो. तो मधे पोटात झुकतो, म्हणून त्याच्या सळया तळाला. गॅलरी भिंतीतून बाहेर काढलेली, एकाच बाजूने धरलेली. भरलेली बादली हात लांब करून धरून बघा. ओढ कुठे बसते? खांद्यावर, वरच्या अंगाला. गॅलरीही तशीच वरून फाटते. म्हणून तिची सळई वरून जेमतेम इंचभर आत. तीच सळई तळाला बसली, तर भिंतीला चिकटवलेला नुसता दगड उरतो.

हे मला मॅडमनी शिकवलं. मॅडम म्हणजे आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर, आमच्या शेठची सख्खी धाकटी बहीण. शेठ ठेकेदार. कुठली सळई किती जाड, कुठे, किती अंतरावर, सगळं मॅडमच्या कागदावर. मी लोखंडाचा मुकादम. त्यांनी मारलेली रेघ मी सळईत वाकवतो. शाळेत फार गेलो नाही, पण ड्रॉइंग वाचायचं म्हटलं तर भल्याभल्यांना ऐकत नाही.

सळई वर राहावी म्हणून तिच्याखाली घोडे ठेवतात. सळईचेच तुकडे, साडेचार इंच उंच, वाकवून पायावर उभे केलेले. काँक्रीट पडलं की घोडा कायमचा आत गाडला जातो.

आमच्याकडे गाडला जात नव्हता. आमच्याकडे चाळीस घोडे होते आणि सिमेंटची एक रिकामी गोणी. मॅडम तपासायला आल्या की घोडे गोणीतून बाहेर. मॅडम सळया मोजायच्या, पट्टी लावायच्या, सही करायच्या, जायच्या. घोडे परत गोणीत. का? घोड्यांवरच्या सळईत घमेलं नेणाऱ्याचा पाय अडकतो, काम रेंगाळतं. बस, एवढंच. अर्ध्या तासासाठी. चोरी असती तर चोराला निदान भीती तरी असती. हा कंटाळा होता. आणि घोडे काढले की सळई लोकांच्या पायाखाली दबत दबत थेट तळाला. मग वर काँक्रीट. बाहेरून एकदम गुळगुळीत.

गोणी मी सांभाळायचो. आत्ताच सांगून टाकतो, मागाहून कुणी शोधत बसायला नको.

त्या दिवशी पाचव्या मजल्याची तपासणी होती. सकाळचे दहा. मॅडम गॅलरीत उकिडव्या बसून पट्टी लावत होत्या. त्यांची एक सवय होती. जिथे उंची मोजली, तिथल्या एका घोड्यावर नेलपॉलिशने मजल्याचा आकडा टाकायचा. लाल बाटली पर्समध्येच असायची. त्यांनी बाटली उघडली, घोडा हातात घेतला आणि थांबल्या.

“मुकादम, इकडे या.”

घोड्याच्या पायाशी लाल तीन होता. त्यांच्याच हातचा. वर सिमेंटचे वाळलेले शिंतोडे.

“हा तिसऱ्या मजल्याचा. हा आत असायला हवा. इथे कसा आला?”

मागे पैलवान उभा होता. नावालाच पैलवान, फुंकर मारली तर उडेल असा. “घोडाच तो मॅडम, आला असेल दोन मजले चढून!”

सगळे हसले. मीही हसलो. 

मॅडम दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या. तिथे चार निघाला. तिसऱ्या कोपऱ्यात दोन. आता कुणी हसेना.

“छिन्नी-हातोडा घ्या, तिसऱ्यावर चला,” त्या मला म्हणाल्या. “पैलवान, तिथल्या गॅलरीखाली टेकू लावा. आत्ता.”

“टेकू परवाच काढले ना मॅडम.”

“म्हणूनच लावा म्हणतेय.” पैलवान टेकू आणायला खाली पळाला.

तिसऱ्या मजल्यावरचं घर शेठने आपल्या आईसाठी ठेवलं होतं. भिंतींचा गिलावा ओला होता. मी गॅलरीत पाय टाकणार तोच मॅडमनी माझी कॉलर धरली.

“बाहेर नाही. आत झोपा, हात लांब करा.”

मी उंबऱ्यावर पालथा पडलो आणि हातभर पुढे छिन्नी धरली. इंचभर खोदलं. सळई लागायला हवी होती, नाही लागली. मॅडमनी पट्टी घातली. दोन इंच. धूळ. तीन इंच. माझा घाम त्या खड्ड्यात पडत होता. मला माहीत होतं सळई कुठे आहे, तरी प्रत्येक घावाला वाटायचं, आता लाग बाई, आता तरी लाग.

चार इंचांवर टण्ण वाजलं. सहा इंचांचा स्लॅब.

मॅडमनी फुंकर मारून धूळ उडवली. खड्ड्याला छेदून, भिंतीला समांतर, केसाएवढ्या तड्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

जिन्यात आवाज आला. शेठ आईला घर दाखवायला घेऊन आले होते.

“बघ आई, सकाळचं ऊन थेट तुझ्या खोलीत...” शेठ खड्ड्याकडे बघून थबकले. “हे कुणी फोडलं?”

“मी फोडायला लावलं, दादा. सळई तळाला आहे.”

“अगं, परवा टेकू काढले, हललीसुद्धा नाही! तुम्ही लोक कागदावर दुप्पट लोखंड घालता. थोडं खालीवर चालतं.”

“चालतं ना? मग जा. टोकाला जाऊन कठड्याला टेकून उभा राहा.”

“आईसमोर नाटकं नकोत.”

“नाटक नाही रे. चार पावलं आहेत. जा.”

शेठ गेले नाहीत. बूट उंबऱ्याच्या अलीकडेच. रुमालाने मान पुसत राहिले.

“काय रे लहानपणासारखे भांडता,” आई म्हणाली. “सरका, मला बघू दे.” माझ्या पाठीवरून पाय टाकून ती बाहेर गेलीसुद्धा. “अगं बाई, किती मोकळं आहे इथे!”

“आई! मागे ये!”

शेठ असे ओरडले की सगळी रिकामी इमारत घुमली. हात लांब करून त्यांनी आईचा दंड पकडला आणि तिला अक्षरशः आत ओढलं. ती माझ्या अंगावर पडली. “हात मोडशील की रे माझा!” म्हणून ती रागावली, मग तिची नजर मुलाच्या चेहऱ्यावर गेली.

“तुला माहीत होतं,” मॅडम म्हणाल्या.

“सगळीकडे असंच करतात गं,” शेठ पुटपुटले. “कुठे काय पडलंय?”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “किती मजले, मुकादम?”

“सगळे.”

“आणि प्रत्येकावर माझी सही.”

“सही झाल्यावरच काढायचो, मॅडम.” तोंडातून गेलं खरं. ऐकताना माझंच मला कळलं की मी काय बोललो. त्या सही करून जायच्या आणि सळई बेवारस व्हायची. त्यांच्याही लक्षात आलं असावं. काँक्रीट पडेपर्यंत त्या एकदाही थांबल्या नव्हत्या.

“फक्त हीच इमारत?”

मी बोट केलं. रस्त्यापलीकडे सहा मजली इमारत होती. दोन वर्षांपूर्वी आम्हीच बांधलेली. कागद मॅडमचे, हात आमचे, गोणी तीच. माणसं राहत होती. गॅलऱ्यांत कुंड्या, वाळत घातलेल्या चादरी, पाण्याची पिंपं.

शेठचं ओरडणं तिथवर पोचलं होतं. काय झालं ते बघायला चौथ्या मजल्यावर एक बाई गॅलरीत आली. मग तिचा नवरा. दुसऱ्या मजल्यावर तिघं आली आणि कठड्यावर रेलली.

“आत जा!” मॅडम दोन्ही हात हलवून ओरडल्या. “आत जा, आत!”

खाली आता मिक्सर सुरू झाला होता. त्यांना ऐकू गेलं नाही. मी जिन्याकडे धावलो. वळणावरच्या खिडकीतून पाहिलं, तर त्या बाईने मॅडमना उलट हात केला, मागे वळून घरातल्यांना हाक मारली, आणि आतून आणखी चौघं गॅलरीत आली.