बिघडले मी नव्हतेच!

मी एक जुनी छपाईची मशीन आहे, पायाने चालवायची. छापखान्यात मला ट्रेडल म्हणत. आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी भयंकर रागावले आहे!

ओतीव लोखंडाचं धिप्पाड अंग घेऊन मी एका गल्लीतल्या छापखान्यात आले. तिथे काम करणाऱ्या मावशींनी मला एकतीस वर्षं चालवलं. शिशाचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, त्या जुळवायच्या आणि मला कागद भरवायच्या. प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, औषधांची लेबलं, काय काय छापलं आम्ही! "कुरकुरू नकोस गं, देते तेल," म्हणायच्या. मग संगणक आले, छापखान्याला कुलूप लागलं आणि मी संग्रहालयात दोरीच्या आड उभी राहिले.

यंदा संग्रहालयाच्या बाईंनी आणि वस्तीतल्या मंडळाने वारसा दिवस करायचं ठरवलं. माझ्याच शेजारी सात बैठका झाल्या! फलकाचा रंग ठरला, पाहुण्यांच्या खुर्च्या ठरल्या, फोटो कुठून काढायचा तेही ठरलं. मावशी दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांना विचारावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. निमंत्रण गेलं, पण प्रेक्षक म्हणून!

कार्यक्रमात 'आपला वारसा' हे खिळे बाईंनी स्वतः लावले, पाहुण्यांना वाचता यावेत म्हणून डावीकडून उजवीकडे.

मागून मावशी ओरडल्या, "अहो बाई, ओळ उलटी लावतात, कागदावर ती सुलटी उमटते!"

"काकू, प्रश्न शेवटी हं," बाई मागे न बघताच म्हणाल्या.

कागद निघाला. शब्द शेपटीकडून सुरू! मुलं खो खो हसली.

बाई म्हणाल्या, "जुनी मशीन ना, बिघडलीय. उद्या गोदामात टाकू."

मी? बिघडले? माझ्या लोखंडाचा तिळपापड झाला!

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" म्हणत मावशी दोरीखालून वाकून आल्या. खिळे उपसले, उलट क्रमाने लावले, पाय दाबला. कागद लख्ख निघाला. हसणारी मुलं पाय दाबायला रांग लावून उभी राहिली.

बाई ओशाळल्या. "मावशी, पुढच्या वर्षी तुमचा सत्कार करू."

"सत्कार घाला चुलीत. बैठकीला खुर्ची द्या."

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, ते हवंच. पण कार्यक्रम आखण्याआधी मावशींचं दार वाजवा. त्या आहेत तोवरच. मला फक्त छापता येतं हो, जुळवायला त्याच लागतात.