रेनफ्रोच्या बदल्यात डनलॅप

क्लेम विल्चेकने सॉसेजची बशी बाजूला सारली, तोंड पुसलं आणि समोर बसलेल्या सख्ख्या भावाकडे, लिओकडे, ढुंकूनही न बघता तो बर्नीला म्हणाला,

"बर्नी, त्याला सांग, रेनफ्रो घे आणि डनलॅप दे."

नॉर्बर्टचा घास हातातच राहिला. रेनफ्रो म्हणजे बेसबॉलच्या त्या मोसमात सगळ्यांत जास्त होमरन ठोकणारा गडी, चोविशीतला, बॅट फिरवली की बॉल प्रेक्षकांतच. आणि डनलॅप? अडतिशीचा, बॅट्समनमागे उकिडवं बसून बसून गुडघे गेलेला कॅचर. आठवड्यातून दोनदा मैदानात उतरला तरी नशीब म्हणायचं. दुभती गाय देऊन रिकामी बादली मागावी, तसला हा सौदा.

लिओने ग्लास खाली ठेवला. तोही बर्नीशीच बोलला.

"त्याला विचार, शुद्धीवर आहे ना?"

"आहे म्हणावं."

"अरे, मी काय टेलिफोन आहे का?" बर्नी वैतागली. "तीन फुटांवर बसलाय की दोघं!"

दोघांपैकी कुणी हललं नाही. लिओ टेबलाकडे बघत म्हणाला,

"चालेल म्हणावं."

मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या बर्नीच्या बारमध्ये, मागच्या खोलीत, ही मंडळी वर्षानुवर्षं हा उद्योग करत आली होती. मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येकाने खरे खेळाडू निवडून आपापली कागदी टीम बांधायची. ते खेळाडू खऱ्या मॅचमध्ये जसे खेळतील तसे मालकाला गुण. शेवटी ज्याचे गुण जास्त, त्याला कप. कप म्हणजे नॉर्बर्टच्या आतेभावाला बोलिंगमध्ये मिळालेला, एक कान तुटलेला. पण त्यासाठी ही माणसं एकमेकांच्या नरड्याला हात घालायचंही बाकी ठेवायची नाहीत. पूर्वी डझनभर होते. काही गेले, काही फ्लोरिडाला गेले. उरले बर्नी धरून पाच.

त्या पाचांत सगळ्यात पुढे होता यूजीन. त्याला कप एकदाही मिळाला नव्हता, आणि यंदा तो मिळणार हे पोरंटोरंही सांगत होती. दुसरा होता लिओ. रेनफ्रो लिओकडे गेला की संपलंच.

आजचा रविवार अदलाबदलीचा शेवटचा दिवस, मुदत चार वाजेपर्यंत. नियम जुना आणि साधा. सौदा संशयास्पद वाटला तर करणाऱ्या दोघांनी हाक येईपर्यंत मागच्या अंगणात जाऊन बसायचं आणि उरलेल्यांनी आत निवाडा करायचा. उरलेल्या सगळ्यांचे हात वर गेले तर सौदा मोडला. चारच्या आत ते नाही जमलं, तर सौदा पक्का.

"मला संशय आहे," यूजीन म्हणाला.

"तुला कधी नसतो?" क्लेम उठला. लिओही उठला. एकमेकांना धक्का लागू नये अशा बेताने दोघं बोळातून अंगणात गेले.

दार लागताच यूजीन टेबलावर वाकला.

"साटंलोटं आहे हे. सरळ सरळ. लिओ मंगळवारी निघालाय ॲरिझोनाला, मुलीकडे, कायमचा. मोसम संपल्यावर कप तिकडे मागवून घ्यायचाय त्याला. क्लेम तळाला पडलाय, त्याचं काय जातंय?"

"त्या दोघांचं साटंलोटं?" नॉर्बर्ट हसला. हा सॉसेज बनवणारा, माणूस आडदांड आणि आवाजही तसाच. "त्यांची आई आजारी होती तेव्हा काय बोलाचाली झाली देव जाणे, आठ वर्षं तोंड बघत नाहीत एकमेकांचं. मला विचारशील तर क्लेम त्याला गंडवतोय. रेनफ्रोचा खांदा गेला असणार. क्लेमच्या बायकोचा भाचा पेपरात आहे, त्याने आतली बातमी दिली असणार."

"खांदा गेलेला माणूस परवा दोन होमरन मारतो?"

"म्हणून तर म्हणतो, दुसऱ्या दिवशी का नाही खेळला?"

"विश्रांती दिली!"

"चोविशीच्या पोराला विश्रांती? कसली, बाळंतपणाची?"

बर्नी हसली. पण यूजीनला हसू आलं नाही. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात त्याची हयात गेली होती. जळकं घर बघायच्या आधी तो घरमालकाचा चेहरा बघायचा. आणि मघाशी क्लेमचा चेहरा त्याने नीट पाहिला होता. सौदा मांडताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खोटं बोलणाऱ्यांच्या होतात तशा.

"खांदा असो की कप असो," तो म्हणाला, "यात पाणी मुरतंय एवढं कबूल?"

"ते कबूल." नॉर्बर्टने हात वर केला. "घे. मोडा सौदा."

"तुम्ही दोघं म्हणताय तर माझाही," बर्नी म्हणाली आणि तिनेही हात वर केला.

आता उरला फक्त यूजीनचा हात. भिंतीवरच्या घड्याळात चारला वीस मिनिटं कमी होती. हात वर केला असता तर तिथेच निकाल लागला असता. पण जागा बघितल्याशिवाय दावा फेटाळायचा नाही, ही त्याची सवय.

"थांबा. एकदा खात्री करून येतो. हसत असतील बघा दोघं, आपल्याला कसं बनवलं म्हणून."

बोळात अंधार होता. अंगणाच्या दाराला वर जाळी होती. यूजीन पाय न वाजवता जाळीपाशी गेला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला.

हसत कुणीच नव्हतं. रिकाम्या पिंपांशेजारच्या बाकावर दोघं दोन टोकांना बसले होते. मध्ये आणखी एक माणूस मावला असता.

"गाडी एकटाच चालवत जाणार?" क्लेम विचारत होता.

"हो."

"अंधार पडला की थांब. आईचे डोळे आलेत तुला. रात्री दगा देतात."

लिओ बाकावर सरसावून बसला. मग एकदम म्हणाला, "रेनफ्रो का दिलास? खरं सांग. खांदा गेलाय त्याचा?"

"ठणठणीत आहे."

"मग?"

क्लेमने टोपी काढली, आत काही हरवल्यासारखं बघितलं आणि परत घातली.

"तुझ्या घरी आलो असतो तर तू दार उघडलं नसतंस. आत टेबलावर ते तिघं. असा गाढवासारखा सौदा टाकला की ते तासभर तरी भांडतील आणि आपल्याला इथे बसावंच लागेल, म्हणून." तो लिओकडे वळला. "तिकडे गेल्यावर फोन केला तर उचलशील का माझा?"

लिओने खाली बघितलं. बुटाच्या टोकाने तो फरशीतलं गवत उकरत राहिला. 'हो' नाही, 'नाही'ही नाही.

यूजीनचा हात दाराच्या कडीवर होता. तो त्याने हळूच काढून घेतला. त्याला स्वतःची शरम वाटली आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. तो आला तसा परत गेला.

"सापडलं काही?" नॉर्बर्टने विचारलं.

"सापडलं."

"मी म्हटलं नव्हतं? कर मग हात वर, बोलव त्यांना आत. चारला दहा कमी आहेत."

यूजीन खुर्चीत बसला. दोन्ही हात त्याने मांडीखाली घातले.

"नॉर्बर्ट, एक सांग. जुन्या खेळाडूंत हँक ॲरन मोठा की विली मेझ?"

"हे काय मध्येच?"

"सांग ना."

"सांगायचं काय त्यात? हँक! आपल्या गावात खेळला, आपल्याला सत्तावन्न सालचं अजिंक्यपद दिलं. सातशे पंचावन्न होमरन! इथे कुणाला विचारायची गरज तरी आहे का?"

नव्हतीच. त्या खोलीत देवाविषयी दोन मतं चालायची, हँकविषयी नाही. यूजीनला तर त्याच्या वडिलांनी खांद्यावर बसवून हँकची बॅटिंग दाखवली होती आणि वडील गेल्यावर त्यांच्या शवपेटीत हँकचा फोटो यूजीननेच ठेवला होता.

"माझ्या मते विली," यूजीन म्हणाला.

नॉर्बर्ट उभाच राहिला. खुर्ची मागे आपटली.

"काय म्हणालास? परत म्हण!"

"विली. पळणं बघ त्याचं, झेल बघ, फेक बघ. हँक नुसता बॅट फिरवायचा."

"नुसता बॅट फिरवायचा? अरे, जीभ कशी झडली नाही तुझी! तुझ्या बापाने ऐकलं असतं तर..."

"बापाला मध्ये आणू नकोस. मुद्द्यावर बोल."

"मुद्दा? मुद्दा दाखवतो तुला!" आणि नॉर्बर्ट सुटला. वर्ष, मैदान, पिचर, वाऱ्याची दिशा, सगळं त्याला तोंडपाठ. यूजीन प्रत्येक वाक्याला फाटे फोडत होता. एकदोनदा स्वतःचंच बोलणं ऐकून त्याला कसंतरी झालं, पण त्याने नॉर्बर्टला थांबू दिलं नाही.

बर्नी रिकामे ग्लास उचलून बोळातून अंगणाच्या दाराकडे गेली. परत आली तेव्हा ग्लास तसेच हातात होते. तिने यूजीनकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

रेडिओवर बातम्या लागल्या तसा नॉर्बर्टने घड्याळाकडे बघून कपाळावर हात मारला.

"चार वाजून गेले! अरे येड्या, सौदा पक्का झाला ना! कप गेला तुझा!"

"खड्ड्यात गेला कप. विलीसारखा झेल हँकने कधी घेतला, ते सांग."

"याला वेड लागलंय. बर्नी, तू तरी सांग याला."

बर्नीने बोळाचं दार ओढून घेतलं, ब्रँडीची बाटली टेबलावर ठेवली आणि ती क्लेमच्या रिकाम्या खुर्चीत ऐसपैस बसली.

"मलाही विलीच वाटतो," ती म्हणाली.