दोन किल्ल्यांचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. कडीला लोंबकळणारं साधंसुधं कुलूप समजू नका हं! मी बंदुकांच्या दुकानात, मागच्या खोलीच्या लोखंडी दारात बसवलेला आहे. मला दोन किल्ल्या लागतात. दोन्ही एकदम फिरल्याशिवाय मी ढिम्म हलत नाही.

ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं, त्याने मालकांना बजावलं होतं, “दोन किल्ल्या दोन माणसांकडे ठेवा. एकट्या माणसाला कुणीही धमकावू शकतं.” मालकांनी एक किल्ली स्वतःकडे ठेवली आणि दुसरी बायकोला दिली. कारागिराचं लग्न झालेलं नसावं.

दुकानात चोरीची भीती मोठी, म्हणून नियमही कडक. काचेमागे दिसतात त्या लाकडी नकला. खऱ्या बंदुका माझ्या मागे, काडतुसं त्याहून आतल्या कपाटात. पुढचं दार काउंटरवरचं बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. आधी मालकीणबाई कॅमेऱ्यात चेहरा बघतात, हेल्मेट काढायला लावतात, मगच बटण दाबतात. एकदा सख्ख्या सासूबाईंनाही त्यांनी तोंडावरचा रुमाल सोडायला लावला होता. सासूबाई महिनाभर फुगून बसल्या.

आणि एके सकाळी काय झालं, मालकांची किल्ली माझ्यातच अडकलेली सापडली. अख्खी रात्र!

“अहो, ही इथे कशी?”

“मला काय विचारतेस? काल शेवटी दार तूच लावलंस.”

साफ खोटं. विसरले होते मालकच, मी स्वतः बघितलं होतं. पण कुलपाला विचारतो कोण? शब्दाला शब्द वाढला आणि मालकीणबाई आपली किल्ली पर्समध्ये टाकून तडक माहेरी निघून गेल्या.

तीन दिवस मी बंद. गिऱ्हाईकं येत होती, लाकडी बंदुका बघून परत जात होती. मालक फोन उचलायचे, नंबर काढायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे. मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही.

चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली. गिऱ्हाईक आलं या आनंदात मालकांनी हेल्मेट काढायला न लावताच बटण दाबलं. आत आलेल्या माणसाने थेट त्यांच्या मानेला सुरा लावला आणि त्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं.

“उघड!”

“दुसरी किल्ली बायकोकडे आहे. ती माहेरी गेलीय.”

“मग फोन लाव. किल्ली घेऊन ये म्हणावं. स्पीकर चालू ठेव आणि जास्त शहाणपणा करू नकोस.”

मालकांनी फोन लावला. माझ्या मागे चाळीस बंदुका होत्या, पण मला काळजी होती ती त्या एका मानेची.

“अगं, माझं चुकलं,” मालक म्हणाले. “किल्ली मीच विसरलो होतो. तुझंच बरोबर होतं. घरी ये ना. येताना तुझी किल्ली आण.”



“अहो,” मालकीणबाई म्हणाल्या, “जेवलात का?”

“हो.”

“बरं. निघालेच मी.”

अर्ध्या तासाने बेल वाजली. पडद्यावर मालकीणबाई एकट्याच, हातात किल्ली नाचवत. चोराने खुशीत येऊन स्वतःच बटण दाबलं. कॅमेऱ्याला पायरीच्या डाव्या अंगाचा कोपरा दिसत नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार? तिथे भिंतीला चिकटून उभे असलेले चार पोलीस एका झेपेत आत आले. चोर जमिनीवर, सुरा खुर्चीखाली!

“बाई, तुम्हाला कळलं कसं?” फौजदारांनी विचारलं.

“वीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकदाही ‘माझं चुकलं’ म्हणालेला नाही. म्हटलं, याच्या मानेला कुणीतरी सुरा लावलाय.”

पोलीस खो खो हसले. चोरालाही हसू आवरेना.

सगळे गेल्यावर मालकीणबाईंनी आपली किल्ली माझ्यात घातली. मालकांनीही घातली. पण बाई किल्ली फिरवेनात.

“आता सुरा नाही,” त्या म्हणाल्या. “आता म्हणा.”

मालकांचे कान लाल झाले. ते आधी छताकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मला तोंड असतं तर मीच म्हणून मोकळा झालो असतो. वाचकहो, तुमच्याही घरात असं काही अडून बसलं असेल, तर कुलपाचं एवढं ऐका, म्हणून टाका.

“माझं चुकलं,” मालक पुटपुटले.

“ऐकू आलं नाही.”

मालकांनी मोठ्याने म्हटलं. दोन्ही किल्ल्या एकदम फिरल्या.