झुलीखालची पाठ

मी एक म्हातारी घोडी आहे. पद्धत आहे म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणते. तुम्ही माझे मित्र आहात असा माझा अजिबात समज नाही. आजवर माझ्याजवळ जी माणसे आली, त्यांतल्या निम्म्यांना माझ्या पाठीवर बसायचे होते आणि उरलेल्यांना फोटो काढायचा होता.

मी रंगाने तांबडी. नागपुरात वरातीला पांढरी घोडी लागते. माझे पहिले मालक रुपराव मला घरी घेऊन आले तेव्हा शेजारी म्हणाले, "तांबडीवर कोणता नवरदेव बसन गा?" रुपराव हट्टी माणूस. रंगाची उणीव त्यांनी झुलीने भरून काढली. लाल मखमलीची, जरीच्या काठाची, आरसे आणि टिकल्या जडवलेली झूल त्यांनी शिवून घेतली. माझ्या पाठीवर आधी जाड घोंगडी, मग झूल, मग नवरदेव. बँडपुढे मी पाय उचलून नाचायची आणि लोक वाहवा करायचे. ती वाहवा झुलीची होती, हे मला लवकरच कळले. नवरदेव तर लगाम असा गच्च ओढून धरत, जणू पळून जायची इच्छा मलाच झाली होती.

वय झाले, मी फटाक्यांना बिचकू लागले, तेव्हा रुपरावांनी मला जितेंद्रच्या हवाली केले. कळमेश्वरच्या पलीकडे, तलावाच्या काठी जितेंद्रचा कॅम्प आहे. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसे येतात, तंबूत राहतात आणि घोड्यावर बसून टेकडीला वळसा घालतात. याला ते ट्रेल म्हणतात. मी दगडगोटे म्हणते.

रुपरावांनी झूल माझ्याबरोबर पाठवली. घोंगडी मात्र फाटली म्हणून फेकून दिली. जितेंद्रने चामड्याचे नवे खोगीर आणले आणि झूल त्याच्या खाली घातली. बाजूने जरीचा काठ दिसला की फोटो चांगले येतात, असे त्याचे म्हणणे. रात्री तो फक्त खोगीर उतरवायचा, झूल पाठीवरच राहायची. मित्रांनो, झुलीची चमक वरच्या अंगाला असते. खालच्या अंगाला असतात टाक्यांच्या गाठी आणि जरीच्या तारा. तरुणपणी माझ्या पाठीवर मांस होते. आता ते झडले आणि कणा वर आला. त्या कण्यावर तारा, तारांवर खोगीर आणि खोगिरावर प्रताप नगरहून आलेले एक पाहुणे, भैय्याजी. भैय्याजींचे वजन मला विचारू नका, ते त्यांनाही सोसत नाही.

मग मी चावू लागले. पाठ दुखते हे घोड्याने सांगायचे तरी कसे? लोकांनी मला नाठाळ ठरवले. भैय्याजींच्या दंडाला दात लागले त्या दिवशी जितेंद्र म्हणाला, "आता एकडाव जरी चावली ना, तं वीटभट्टीवर देऊन टाकतो हिले." वीटभट्टीवर गेलेले घोडे परत येत नाहीत. मी घाबरले, हे कबूल करते. पुन्हा चावायचे नाही असे ठरवले. पण खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळला की तोंड आपोआप मागे वळायचे.

गेल्या हिवाळ्यात रामदासपेठेतला अश्विन आपल्या आईला कॅम्पवर घेऊन आला. पार्वतीबाईंचे गुडघे गेलेले. मला पाहताच त्या म्हणाल्या, "मले नाही बसाचं."

"काहून नाही? तुह्यासाठीच तं आलो न आपण," अश्विन म्हणाला, आणि त्याने व जितेंद्रने त्यांना उचलून माझ्यावर बसवले. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही, तसे माझ्याकडेही नाही. म्हणून मला त्यांची दया आली असे समजू नका. माझ्या दृष्टीने त्याही एक ओझेच होत्या.

उतारावर पार्वतीबाई घाबरल्या आणि त्यांनी आधारासाठी झूल घट्ट धरली. बोटे झुलीखाली गेली. हात बाहेर काढून त्यांनी पाहिला. तो रक्ताने आणि पुवाने ओला झाला होता.

"अश्विन, उतरव मले."

"आई, थोडंच राहिलं आता."

"उतरव म्हणते न."

दुखऱ्या गुडघ्यांनी, माझा दोर धरून त्या कॅम्पपर्यंत चालत आल्या. तंबूंसमोर शेकोटी पेटली होती. त्यांनी जितेंद्रला खोगीर काढायला लावले. झूल जखमेला चिकटली होती. त्यांनी कोमट पाणी मागितले आणि एकेक कडा भिजवून सोडवू लागल्या. कळ मस्तकात गेली आणि मी त्यांच्या खांद्याला कडकडून चावले.

"पाहा काकू," जितेंद्र म्हणाला, "अशीच आहे हे. उद्याच भट्टीवर पाठवतो."

पार्वतीबाईंनी खांदा चोळला. "मी असती तं मीबी चावली असती," त्या म्हणाल्या. उरलेला कोपरा सोडवून त्यांनी झूल उचलली आणि सरळ शेकोटीत टाकली.

"काकू, हे काय करून राहिल्या?"

"इकडं ये. हिची पाठ पाह्य."

जितेंद्र आला. त्याने वाकून पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "वरून झूल होती न, दिसलंच नाही." मखमल जळताना घाण वास सुटतो. मला तो फार आवडला.

मी भट्टीवर गेले नाही. जितेंद्रने माझ्यावर पुन्हा कोणाला बसवले नाही. रोज हळद लावून लावून जखम भरली. पण जिथे जखम भरते, तिथे घोड्याचे केस पांढरे उगवतात. माझ्या तांबड्या पाठीवर आता टिकल्यांएवढे पांढरे ठिपके आहेत. सुट्टीला येणारी तुमच्यासारखी मुले ते पाहून म्हणतात, किती छान नक्षी आहे, आणि फोटो काढतात. मी त्यांच्यावर दात विचकते.

मित्रांनो, माझी कीव करू नका, त्याने माझे पोट भरत नाही. फक्त कोणत्याही घोड्यावर बसण्याआधी त्याची झूल उचला. त्याच्या पाठीवरून हात फिरवा. मग तो हात पाहा.