समुद्राकडची खिडकी

माघातली सकाळ. काळ्याकभिन्न, तृणहीन, निःशब्द डोंगरांच्या पायथ्याशी शुभ्र घरांची रांग, आणि त्या रांगेच्या पुढ्यात अथांग, अलस, आत्मतृप्त निळाई. डोंगर काळे, घरं पांढरी, पाणी निळं. चौथा रंग या नगरीला ठाऊकच नसावा. कोवळं ऊन शिखरांवरून उतरलं, मिनारांपाशी क्षणभर रेंगाळलं आणि किनाऱ्याच्या रस्त्याने चालू लागलं. त्याच रस्त्याने प्रवाशांची एक छोटी बस मस्कत दाखवायला निघाली होती.

डावीकडच्या तिसऱ्या बाकावर खिडकीशी जयवंत मयेकर बसला होता आणि त्याच्या शेजारी, आतल्या अंगाला, त्याची बायको मनोरमा. वेंगुर्ल्याचं जोडपं, तो एकसष्ट वर्षांचा, ती छप्पन्न. समुद्र डाव्या हाताला होता म्हणून तो सरळ तिथे जाऊन बसला. तिला विचारावं हे त्याच्या मनातही आलं नाही. तिला समुद्र दिसत होता तो त्याच्या मानेमागून, तुकड्यातुकड्यांनी.

हीच ती नगरी. कृष्णशैलवेष्टिता, नीलजलवसना, श्वेतसौधमालिनी. जिने तिचा नवरा बावीस वर्षं ठेवून घेतला ती ही. मनोरमाने सवत कधी पाहिली नव्हती, आज ती चक्क तिकीट काढून सवत पाहायला आली होती.

बावीस वर्षं. दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस मनोरमाचे, बाकीचे सगळे हिचे. तो घरी यायचा तेव्हा त्याच्या आधी त्याचा गंध उंबरा ओलांडायचा. लोबानाचा गंध, गूढ, गोडसर, परका. जुन्या बाजारात हाजी दर्वीश यांच्या पेढीवर तो लोबान निवडायचा. अरबी झाडांचा तो वाळलेला डिंक पितळी परातीत ओतायचा, बोटांनी चाळायचा, हिरवट पांढरा वेगळा, मधाळ वेगळा, तांबूस वेगळा. मनोरमा त्याचे सदरे तीन-तीन पाण्यांतून काढायची. वास हटायचा नाही. आणि हटला, सदऱ्यांना घरच्या विहिरीचा वास येऊ लागला, की रजा संपलेली असायची.

चार वर्षांपूर्वी तो कायमचा परतला. धुऊन धुऊन सदरे तिचे झाले. तिला वाटलं, सुटले. मग यंदाच्या दिवाळीत हाजींचा फोन आला की तुझ्यासारखा डोळा कुणाला नाही, दोन वर्षांसाठी ये. जयवंतने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

"भेटान सांगतंय," तो म्हणाला. "तू पण चल. शहर बघशीत."

सहल दुपारी जुन्या बाजारात संपणार होती, आणि तिथे हाजी वाट पाहत होते. नवरा कुणाचा, हे मनोरमाला दुपारी कळणार होतं.

बस थांबली. नीलसुवर्ण स्तंभांचा राजवाडा उन्हात उभा होता. त्याच्या दोन्ही अंगांना, खडकांच्या खांद्यांवर, दोन पिंगट पुराणे किल्ले. हिलाल नावाचा गाइड, पायघोळ पांढऱ्या अंगरख्यातला, नक्षीदार टोपीतला, हिंदीतून सांगत होता की पोर्तुगीज आले, त्यांनी बुरूज बांधले, तोफा चढवल्या आणि एक दिवस निघून गेले. माणसं आली, माणसं गेली, नगरी जागची हलली नाही. मनोरमाला वाटलं, हिला कुणाची पर्वा असणार? हिला कुणी ना कुणी मिळतंच.

"सकाळचां ऊन पयलां त्या पलीकडच्या बुरजाक लागता," जयवंत हळूच म्हणाला. "मगे ह्येका."

लग्नाची तारीख विचारली तर भिंतीवरचं कॅलेंडर शोधणारा हा माणूस. त्याला इथल्या उन्हाची वेळ पाठ होती. मनोरमा राजवाडा पाहतच नव्हती. ती त्याचा चेहरा पाहत होती, आणि तिथे जे उजळलं होतं ते तिने स्वतःच्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वळणावर, डोंगराच्या माथ्यावर, एक धूपदाणी दिसली. घराएवढी, शुभ्र, पाषाणी, आकाशाला धूप दाखवायला ठेवल्यासारखी. बसमधले सगळे फोटो काढायला उतरले. मनोरमाने पदर घट्ट ओढून घेतला. चार वर्षं तिने देवघरातली धूपदाणी माळ्यावर टाकली होती. उदबत्तीवर देवांचं भागत होतं.

"ह्येंका दुसरां काय सुचूक नाय?" ती म्हणाली.

तो हसला. तिची चेष्टा त्याला कळली, जळणं कळलं नाही.

मग ते किनाऱ्याच्या कठड्याशी उभे राहिले. पाण्यावर बगळ्यांसारख्या पांढऱ्या नौका, नौकांवर कलकलणारे समुद्रपक्षी, आणि सगळ्यावर सांडलेलं रुपेरी, रेशमी ऊन. बावीस वर्षं ती वेंगुर्ल्याच्या बंदरावरून संध्याकाळी पश्चिमेकडे बघत आली होती. सूर्य बुडे, आणि तिला वाटे, आता तो तिकडे गेला.

"ह्यो आपलोच दर्यो मा?" तिने विचारलं.

"तोच. पण हयसून बरो दिसता."

तिच्या अंगाची लाही लाही झाली.

जुना बाजार छताखालच्या सावलीत वसलेला. अरुंद बोळ, अत्तरांच्या कुप्या, रेशमांच्या राशी, चांदीच्या मुठींचे वाकडे खंजीर. आणि बोळाबोळांतून, कोनाड्याकोनाड्यांतून वाहणारा तो गंध. तिने तीन-तीन पाण्यांतून काढलेला, तरी न हटलेला. इथे तो आपल्या माहेरी होता.

हाजी दर्वीश उठून उभे राहिले. शुभ्र दाढी, थरथरते हात. त्यांनी जयवंतचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. मनोरमाकडे पाहून मान लववली, बसायला गादी दिली. समोर पितळी परात होती, परातीत लोबान. जयवंत अजून पुरता बसलाही नव्हता, तोच त्याची बोटं परातीत गेली. हिरवट पांढरा इकडे, मधाळ तिकडे. हळुवार, नेमकी, तन्मय बोटं. इतक्या मायेने त्या बोटांनी तिच्या केसांतली एखादी बट कधी मागे सारली नव्हती.

कहवा आला. वेलचीचा, कडसर, गरम. बिनकानाच्या इवल्या पेल्यांतून. हाजी प्यायले, आणि रिकामा पेला परत देताना त्यांनी मनगटाने तो दोन-तीनदा हलकेच हलवला. हिलालने हलवला. दारातल्या हमालानेही हलवला.

मनोरमाचा हात तसाच थांबला.

ही खूण तिची होती. लग्नानंतरच्या पहिल्या रजेत, स्वयंपाकघरात, जयवंतने चहाचा रिकामा कप असाच हलवून तिच्या हाती दिला होता. ती हसली होती. सासूला कळलं नव्हतं, नणंदेला कळलं नव्हतं. ते दोघांचं गुपित होतं. त्याच्या पाठीमागे, रिकाम्या दुपारी, एकटीने चहा पिऊन ती स्वतःच कप तसा हलवायची आणि थोडा वेळ त्याच्याजवळ असायची.

हिलाल प्रवाशांना सांगत होता की हा इथला रिवाज आहे. पेला हलवला म्हणजे पुरे. हलवला नाही, तर ओतणारा ओततच राहतो.

"तुमी घराकडे कप हलवायच्यात," ती म्हणाली, "तां ह्यां?"

"सवय गे," जयवंत म्हणाला. "हयची."

सगळं देऊन झालं होतं, आता हेही गेलं. तिने पेला पुढे केला. ओतणाऱ्याने भरला. ती प्यायली, पेला तसाच धरला. त्याने पुन्हा भरला. तिसरा, चौथा. कडू घोट घशाखाली उतरत होते आणि तिचं मनगट दगडाचं झालं होतं.

"हलव गे पेलो, नायतर ते भरीतच रवतले."

"माका कळता," ती म्हणाली, आणि पाचवा प्यायली.

मग हाजींनी स्वतः पितळी किटली हाती घेतली. तिची लांब चोच जयवंतच्या पेल्यावर आली. मुंबईशी आयुष्यभर व्यापार केलेल्या त्या म्हाताऱ्याची हिंदी मऊ होती.

"जयवंतभाई, दो बरस."

बोळातला गलबला दूर गेल्यासारखा वाटला. परातीतला लोबान चमकत होता. मनोरमा जयवंतच्या मनगटाकडे बघत होती. आयुष्यात इतकं निरखून तिने काही पाहिलं नव्हतं. पेला स्थिर होता. फार वेळ स्थिर होता. तिला दोन वर्षं दिसली, बंदर दिसलं, बुडता सूर्य दिसला.

आणि मनगट हललं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा, अगदी सावकाश.

हाजींनी किटली खाली ठेवली. मनोरमाने आपला पेला न हलवताच गादीपाशी ठेवून दिला.

ती जिंकली होती. तिला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण बाजारातून बाहेर पडताना जयवंतने मागे वळून पाहिलं. बोळाच्या वळणावर एकदा, कमानीखाली दुसऱ्यांदा, उन्हात आल्यावर तिसऱ्यांदा. वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर त्याने बावीस वर्षांत एकदाही वळून पाहिलं नव्हतं. वळलं की पाय निघत नाही, म्हणायचा. त्याचे डोळे भरले होते. त्याने हिला नकार दिला, पण हिच्याच रीतीने दिला, हिला दुखू नये इतक्या जपून दिला. असा निरोप मनोरमाला कधी मिळाला नव्हता.

बसपाशी आल्यावर तो उजवीकडच्या बाकाकडे वळला. परतीच्या वाटेवर समुद्र उजव्या हाताला येणार होता.

"खिडकीकडे आता मी बसतंय," मनोरमा म्हणाली.

तो थबकला. मग बाजूला झाला.

बस निघाली. काळे डोंगर सरकू लागले, पांढरी घरं सरकू लागली, माध्यान्हीच्या तेजाने निळाई झळझळली. जयवंतला ते सारं एकदा, शेवटचं, डोळे भरून पाहायचं होतं. तो वाकला, मान पुढे काढून बघू लागला. डोंगर आणि तो, घरं आणि तो, पाणी आणि तो, यांच्या मधोमध तिचा चेहरा होता. तिने तो जराही हलवला नाही.